शनिवारचं उरलेलं पाणी

१

ही हकीकत मी कुणाला सांगू नये, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझं मत त्याहून वाईट आहे. मला वाटतं, ती मी त्याच आठवड्यात चारचौघांत सांगायला हवी होती. तेव्हा हिंमत झाली नाही. आता वय झालं, कान गेले, दात गेले. लाज तेवढी जागच्या जागी आहे.

१९८९ सालचा जानेवारी, सोमवारची सकाळ. बनारसमध्ये असा कोहरा पडला होता की गल्लीतला सांड अंगावर येईपर्यंत दिसू नये. मी रेल्वेच्या दक्षता खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. खोटे पास, वॅगनमधून उतरवलेला कोळसा, पाय फुटलेल्या फायली. तीस वर्षं हेच केलं, आणि आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो अशी घमेंड घेऊन घरी बसलो होतो. तेवढ्यात ढुंढिराजचा निरोप आला. "नीलकंठला म्हणावं, असशील तसा ये. घात झालाय."

ढुंढिराज माझा लंगोटीयार. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. त्याच्या आईने मला आणि माझ्या आईने त्याला मार देऊन वाढवलेलं. पुढे तो शिकून डॉक्टर झाला, औषधं देणारा नव्हे, यंत्रांतला. शहराबाहेर सरकारची एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिचा तो प्रमुख होता.

त्याचा ध्यास मला त्याने एकदा जेवताना समजावून सांगितला होता. जमिनीच्या पोटातून कढत पाणी वर येतं. परदेशात त्याच्या वाफेवर वीज करतात, आपल्याकडे लडाखच्या बाजूला करायचं घाटत होतं. पण वाफ काढून घेतली की उरलेलं पाणी टाकून देतात, आणि ते तेव्हाही हात भाजेल इतकं गरम असतं. ढुंढिराजचं म्हणणं, त्या टाकलेल्या पाण्यावर आणखी वीज निघते. एक द्रव असतो, तो सत्तेचाळीस अंशांनाच उकळतो. उरलेल्या पाण्याची ऊब त्याला दिली की त्याची वाफ होते, आणि ती वाफ दुसरं छोटं चाक फिरवते.

"शिळ्या भाताचा फोडणीचा भात, नीलू," तो म्हणाला होता. "पहिल्यापेक्षा चवदार."

त्या फोडणीच्या भाताचं यंत्र प्रयोगशाळेच्या मधोमध उभं होतं. कढत पाण्याची टाकी, तिच्यातून भरायचा तांब्याचा मोठा हंडा, त्यात वेटोळं, वेटोळ्यात तो द्रव, पुढे चाक आणि शेवटी भिंतीवर चाळीस दिवे. मी पोचलो तेव्हा वेटोळ्याला जोडून हंड्यातून वर आलेली काचेची नळी फुटली होती. काचा फरशीवर. वेटोळं कोरडं ठणठणीत.

"द्रव उडून गेला, सगळा," ढुंढिराज म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बाहेरून मागवलेला. पुन्हा यायला सहा महिने. आणि गुरुवारी दिल्लीची समिती बघायला येते आहे."

शनिवारी संध्याकाळी सगळं ठीक होतं. रविवारी सुटी. दाराचं कुलूप शाबूत होतं, किल्ल्या चार आणि किल्लीवाले चौघं समोर उभे. ढुंढिराज स्वतः, त्याच्या हाताखालचे इंजिनियर चौबेजी, अकरा वर्षं रोजंदारीवर यंत्र सांभाळणारा मिस्त्री रामधनी, आणि संशोधनासाठी तिथे जाणारी मृणालिनी.

मृणालिनी माझी मुलगी. त्या क्षणी मी तिच्याकडे बघितलं नाही, हेही लिहून ठेवतो.

२

एकेकाला शेजारच्या खोलीत बोलावलं. वही काढली.

चौबेजी आले ते पान चघळत. त्यांचं या यंत्राशी कधी जमलं नाही. त्यांना त्या जागेत गोबर गॅसचं काम करायचं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "हम तो पहिलेच बोले थे, ये खिलौना है," ते म्हणाले. "इतवार को? घर पे थे. दस से चार बत्ती गुल थी, पेपर में भी छपा था. रजाई में पड़े रहे, और क्या." त्यांची जबानी मी पानभर लिहिली.

मृणाल म्हणाली, "शनिवारी दुपारी दोनलाच निघाले मी, अण्णा. संडेला सारनाथला होते, सहेलीकडे. पूछ लेना."

"बरं बरं," मी म्हटलं. बाप झालो तरी तपासणी अधिकारी होतो, पण त्या घडीला नुसता बाप होतो.

मग रामधनी. पन्नाशीचा, काटक, मल्लाहांच्या घरातला. बाप-भाऊ नावा चालवतात, हा एकटा यंत्रांत रमलेला. त्या महिन्यात त्याचा कायम होण्याचा कागद निघायचा होता, अकरा वर्षांनी. तो उभ्यानेच बोलत होता. मीही बस म्हटलं नाही.

"साहेब, सनीचर को ताला हमहीं लगाये. टंकी का पानी गरम था, हम रोज बहा देते हैं, नियम है. डाक्टर साहेब कहे, आज रहने दो. तो हम रहने दिये. टंकी पे कंबल भी लपेट दिये."

"यंत्राचं बोल," मी म्हटलं. मला काच फोडणारा हवा होता, टाकीची कहाणी नको होती.

बाहेर फाटकाशी पानवाला बसायचा, त्यालाही विचारलं. तो डोळे मोठे करून म्हणाला, "अरे साहेब, इतवार को पूरे मोहल्ले में बत्ती गुल, अउर डाक्टर साहेब के इहाँ जगमग! खिड़की पीयर-पीयर, एकदम पीली. हम कहे, कोहरे में इनका अपना सूरज उगा है." मी वहीत लिहिलं, 'पानवाला: भांग.' तो रामधनीच्याच वस्तीतला, तेव्हा त्याच्यासाठी काहीतरी पचकतोय असं मी धरून चाललो.

आणि मग मी ते केलं.

सगळ्यांना बोलावून मी रामधनीची थैली मागितली आणि टेबलावर उपडी केली. दोन रोट्या, गुळाचा खडा, गमछा, आणि वीतभर तांब्याची नळी. रोट्यांतली एक घरंगळत फरशीवर गेली. रामधनीने वाकून ती उचलली, झटकली आणि पुन्हा फडक्यात बांधली.

"ही नळी कुठली?"

"इहीं की, साहेब. कबाड़ में थी. डाक्टर साहेब से पूछ के लिये थे."

मी ढुंढिराजकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. "आठवत नाही," तो म्हणाला.

झालं. तांबं चोरणारा काच फोडतो, रागाने नाहीतर धांदलीत; माझं गणित तासाभरात सुटलं. संध्याकाळी रामधनीला कामावरून थांबवल्याचा कागद निघाला. घरी मी अन्नपूर्णेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, जेवता जेवता म्हणालो, "चला, निभावलं. आपल्यातलं कुणी असं करणार नाही, हे मला माहीतच होतं."

ताटातून मान वर न करता मृणाल उठून गेली.

३

मंगळवारी सकाळी मृणाल माझ्यापुढे एक गोल कागद घेऊन उभी राहिली. ताटलीएवढा, त्यावर निळ्या शाईची रेघ.

"हे काय?"

"हंड्यातलं पाणी किती गरम, ते ही सुई लिहिते. कागद घड्याळासारखा फिरतो. बिजलीवर चालणारी मशीन दिवाळीत बंद पडली. स्टोअरमध्ये चावीवाली जुनी होती, ती मी शनिवारी निघताना लावली. कुणाला सांगितलं नाही, सोमवारी सरप्राइज देणार होते. काल तुमच्या त्या..." ती थांबली. "काल तुम्ही जे केलंत, त्यानंतर मला आठवण झाली. जाऊन काढून आणला."

तिने बोट ठेवलं. शनिवार रात्रभर रेघ चौदा अंशांवर सरळ. रविवारी सकाळी दहा चाळीसला ती ताडकन उभी चढली, ब्याण्णववर. लगेच खाली उतरून पंचाऐंशीवर थांबली. मग हळूहळू निवत गेली.

"म्हणजे कुणीतरी रविवारी यंत्र चालवलं," मी म्हणालो. "रामधनीनेच. किल्ली होती त्याच्याकडे."

"किल्ली तर माझ्याकडेपण होती," मृणाल म्हणाली. "माझी पर्स नाही उलटी केलीत तुम्ही."

मी तिच्यावर खेकसलो. ज्याची बाजू लंगडी, त्याचा आवाज मोठा.

४

त्या थंडीने मला सर्दी धरली होती. दुपारी सूनबाई, नंदा, पाय शेकायला पाणी घेऊन आली. ती अलाहाबादची, माहेर हिंदी, मराठी आमच्या घरात येऊन शिकलेली. तिने बादलीत आधी गार पाणी घेतलं आणि त्यावर आधणाचं पातेलं ओतायला वाकली.

"अगं अगं!" अन्नपूर्णा आतून धावत आली. "असं नाही करायचं! आधी गरम, मग त्यावर विसण. गारावर गरम घालतात ते मेलेल्याला आंघोळ घालताना."

"आई, पानी तो पानीच आहे ना? मिळून तेवढंच होणार," नंदा हसत म्हणाली.

"होऊ दे तेवढंच. या घरात जिवंत माणसं राहतात."

नंदाने निमूटपणे बादली मोरीत रिकामी केली. पुन्हा आधी आधण ओतलं, वाफेचा लोट उठला, मग वरून विसण. मी पाय बुडवले, आणि पाय बुडवल्या बुडवल्या मला मृणालचा तो गोल कागद आठवला.

आधी एकदम ब्याण्णव. मग पंचाऐंशी.

मी मृणालला हाक मारली. "तुमच्या हंड्यात पाणी कसं भरतात गं? सगळं सांग."

"दोन नळ आहेत. लाल गरम टंकीचा, निळा गारचा. आधी निळा, मग लाल हळूहळू. सरांच्या अक्षरात पाटी आहे भिंतीवर. थंडीत एकदम कढत पाणी सोडलं तर काच तडकते."

"म्हणजे रेघ कशी यायला हवी?"

"हळूहळू चढत पंचाऐंशीला. वरून खाली कधीच नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. "अण्णा, काय झालं?"

"काही नाही. पाणी निवलंय. मला जरा पाय शेकायला नवं करून आण."

ती गेली. मी दारातून बघत होतो. माझ्या मुलीने, विज्ञानाची पदवी घेतलेल्या, दिवसभर त्या पाटीखाली बसणाऱ्या माझ्या मुलीने, काही विचार न करता बादलीत आधी आधण ओतलं. मग विसण घातलं.

तो गोल कागद मी घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि ठरवलं की तो आता कुणाला दाखवायचा नाही. पूजेला बसताना जाळून टाकावा, असंही मनात आलं. रामधनीची रोजी गेली होती, आणि मी माझ्या पोरीचा पुरावा खिशात घालून फिरत होतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शेकडो वेळा दुसऱ्यांवर वापरली होती.

५

रात्र तळमळत काढली. बुधवारी प्रयोगशाळेत गेलो तो नाक ओढत, थंडीने कुडकुडत.

"चौबेजी, पाय बर्फ झालेत. जरा गरम पाणी मिळेल?"

चौबेजी मनाने वाईट नव्हते. त्यांनी स्वतः तसराळं घेतलं, त्यात लोटाभर गार पाणी ओतलं आणि केटली आणून वर धार धरली. आधी गार, मग गरम. तीस वर्षांचा माझा अनुभव असं सांगतो की माणूस जबानीत खोटं बोलतो, पण हात फार क्वचित खोटं बोलतात.

मग मी कपाटातले जुने कागद मागितले. बिजलीची मशीन चालू होती तेव्हाचे, शेकडो. सगळे रामधनीच्या हातच्या पाण्याचे. एकूण एक रेघ खालून वर, संथ, शिस्तीत. अकरा वर्षांत त्याने एकदाही लाल नळ आधी फिरवला नव्हता.

चौघांतले दोघे सुटले. उरलेल्या दोघांना आधी गरम मग विसण हे आयांनी शिकवलेलं होतं. एक माझी मुलगी आणि दुसरा माझा जन्माचा मित्र.

तिथल्या बाकावर मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. खिडकीतून कोहरा आत येत होता. समोर ती मोठी गरम पाण्याची टाकी, तिच्याभोवती गुंडाळलेला कंबल. आणि तेव्हा कुठे मला शहाण्यासारखा एक प्रश्न सुचला.

रविवारी दहा ते चार वीज नव्हती. पेपरात आधीच छापून आलं होतं. मग दहा चाळीसला कढत पाणी आलं कुठून?

टाकी तर विजेवर तापते. रोज संध्याकाळी ती रिकामी करायचा नियम. रविवारी वीज नाही आणि टाकी रिकामी, हे ज्याला ठाऊक, तो यंत्र चालवायला येणारच नाही. येईल तो एकच, टाकीत शनिवारचं पाणी उरलंय, कंबलाखाली ते गरम राहिलंय, हे ज्याला ठाऊक आहे तो. मृणाल तर शनिवारी दोनलाच निघून गेली होती. टाकी भरलेली ठेवायचं ठरलं ते संध्याकाळी, कुलूप लावताना. ते दोघांनाच ठाऊक होतं. ज्याने सांगितलं तो, आणि ज्याने ऐकलं तो.

ऐकणाऱ्याचे हात आधी गार पाणी सोडतात.

आणि पानवाल्याने भांग खाल्लेली नव्हती. त्याला खरोखरच दिवे दिसले होते.

पोरगी सुटली म्हणून माझा जीव भांड्यात पडला. पडला, आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाचीही शरम वाटली.

६

गुरुवारी समिती अकराला येणार होती. पहाटे ढुंढिराज पंचगंगेवर स्नानाला जातो, हे मला चाळीस वर्षं माहीत. उजाडताच मी पायऱ्या उतरलो. त्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे बोलायला लागतात. खाली मल्लाह नावांतलं दव पुसत होते. ढुंढिराज ओल्या पंच्यानिशी बसला होता.

मी तो गोल कागद त्याच्यासमोर धरला.

त्याने चष्म्याशिवायच ओळखला. "ही मशीन चालू होती?"

"मृणालने शनिवारी लावली."

त्याने ब्याण्णवच्या टोकावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आधी लाल सोडला मी. माझ्याच अक्षरातली पाटी डोक्यावर, आणि आधी लाल! अकरा वर्षं पाणी रामधनीच भरतो, नीलू. मी फक्त आकडे मांडतो. त्या दिवशी एकटा, घाईत... हात आपोआप गेला. आईने पळीने मारून शिकवलेलं."

"रविवारी एकटाच कशाला गेलास?"

"हसं नको व्हायला म्हणून. पेपरात वाचलं, रविवारी वीज नाही. मनात आलं, सगळं बंद असताना नुसत्या उरलेल्या पाण्यावर दिवे लागतात का बघावं. लागले तर गुरुवारी तसंच दाखवायचं, बटण बंद करून. नाही लागले तर कुणाला कळणार नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लागले रे. चाळीसच्या चाळीस. सगळ्या शहरात बत्ती गुल, आणि आदल्या दिवशीच्या पाण्यावर माझे दिवे. अकरा मिनिटं. मी लहान पोरासारखा टाळ्या वाजवल्या. काच आधीच तडकली होती, ते दिसलं नाही. वाफेचा जोर वाढला आणि नळी फुटली."

जन्मभर ज्याची वाट बघितली ते या माणसाने डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय त्याने स्वतःच बंद केली होती. मला त्याची दया आली. मग फरशीवरची रोटी आठवली.

"आणि रामधनी?"

"मी सांगणार होतो. सोमवारी तुला बोलावलं ते त्यासाठीच. तुला एकट्याला सांगावं म्हटलं. पण चौबे उभा, मृणाल उभी. तू वही काढलीस, तासाभरात त्याची थैली उपडी केलीस." त्याने माझ्याकडे पाहिलं. "नीलू, तू मला वाट करून दिलीस. मी फक्त 'आठवत नाही' म्हणालो."

हे अर्धं खोटं असेल. पण जे अर्धं खरं होतं ते माझं होतं.

"तो कागद दे," तो म्हणाला. "गंगेत सोडतो. रामधनीला मी दुसरीकडे लावून देईन, शब्द देतो. साठीला आलो, आता तोंड कुठे दाखवू?"

मला त्याच्यावर चिडायचं होतं. जमेना. दोन दिवस तोच कागद खिशात घालून, तो जाळायचा बेत करत मीच हिंडलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला दोघं लागतात, एक गप्प बसणारा आणि एक घाई करणारा.

"हा कागद तुझ्या यंत्राचा आहे," मी म्हणालो. "त्यावर तुझी चूक आहे आणि तुझे चाळीस दिवेही आहेत. एक बुडवलंस तर दुसरंही बुडेल. अकराला तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने पंचा पिळला. घातला. पायऱ्या चढताना त्याने माझा हात धरला नाही, मीही पुढे केला नाही.

७

ढुंढिराजने सांगितलं. उभं राहून, मान खाली घालून, हिंदीत, चौबेजींसमोर, मृणालसमोर. कागद टेबलावर ठेवला आणि पानवाल्याला साक्षीला आत बोलावलं. समितीतल्या एका वयस्क बाईंनी तो कागद उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिला आणि विचारलं, "कल का बचा पानी? बिना बिजली के?" त्यांनी द्रव येईपर्यंत मुदत दिली. ढुंढिराजचं प्रमुखपद गेलं, काम चौबेजींकडे आलं. गंमत म्हणजे चौबेजींनी त्या खिलौन्याची पुढे पोटच्या पोरासारखी काळजी घेतली. रामधनीला परत घेतल्याचा आणि कायम केल्याचा, असे दोन्ही कागद शुक्रवारी निघाले.

ते मी स्वतः न्यायचं ठरवलं. पोस्टाने पाठवणं सोपं होतं, म्हणूनच पाठवले नाहीत.

मल्लाहांच्या वस्तीत त्याचं घर दोन खोल्यांचं. ओसरीवर तो जाळं दुरुस्त करत होता. मला पाहून उठला, चटई टाकली. या वेळी मी उभा होतो आणि तो 'बैठिये' म्हणत होता. मी कागद दिले. त्याने ते वाचले, घडी घातली, डोक्याला लावले. आत सांगून त्याने चहा मागवला, बरोबर गुळाचा खडा. सोमवारी थैलीतून निघालेला तसाच.

"रामधनीजी," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'जी' लावला. "मुझसे बहुत बड़ी गलती हुई."

त्याने जाळ्याची एक गाठ पुरी केली.

"आपको पता था? डाक्टर साहेब का?"

"सोमवार को टंकी खाली देखे, तभी समझ गये, साहेब. पानी है, ई बात तो दुइये जने जानते थे."

"तो फिर बोले क्यों नहीं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला सोसला असता.

"बोले तो थे, साहेब. पहिलेच दिन. आप लिखे नहीं."

मी वही काढली. सोमवारचं पान. चौबेजींची जबानी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पानवाला: भांग. मृणालिनी: सारनाथ. आणि त्याखाली, माझ्याच नेटक्या अक्षरात, रामधनी, बापाचं नाव, जात, वस्ती. त्यापुढे पान कोरं होतं.

मी तिथेच, त्याच्या ओसरीवर बसून, त्याला सगळं पुन्हा सांगायला लावलं. सनीचर को ताला हमहीं लगाये. डाक्टर साहेब कहे, आज रहने दो. तो हम रहने दिये. एकेक शब्द त्याने म्हटला तसा लिहिला. त्याने खाली सही केली.

फक्त तारीख घालायची राहिली. सोमवारची घालायची होती, ती घालता येईना.